पुलापाशी ढेबऱ्या

संध्याकाळी टॅबलेटवरचा जुना खेळ कायमचा बंद होणार होता. तोवर जो प्राणी पूल ओलांडून नव्या खेळात जाणार नाही, तो पुसला जाणार होता. बाकीचे सगळे टुणटुण उड्या मारत गेले. केतकीचा ढेबऱ्या मात्र पुलापाशी बसकण मारून, उजवा पंजा पुढे करून ढिम्म बसला होता.

"अरे, जा ना बाबा!" मकरंद टॅबलेटवर खेकसला. त्याच्या बायकोला, केतकीला, जाऊन वर्ष होत आलं होतं. तिचं म्हणून हलतं-बोलतं असं एवढंच उरलं होतं.

त्यानं कंपनीला फोन लावला.

"सर, हे आम्ही नाही शिकवलेलं," पलीकडची मुलगी म्हणाली. "हे प्राणी पाळणाऱ्याचं बघून शिकतात. मॅडम त्याला निघताना काही द्यायच्या का?"

मकरंदला काचेवरचे पांढरे डाग आठवले. केतकी ढेबऱ्याला खेळातल्या लढाईवर पाठवायची, त्याआधी दर वेळी पडायचे. तो ते कुरकुरत पुसायचा.

तो उठला, फ्रिजमधून दही काढलं आणि बोटानं काचेवर, ढेबऱ्याच्या पंजावर टेकवलं.

ढेबऱ्यानं पंजा चाटला आणि पुलावर चढला. मग मध्येच थबकून धावत परत आला. त्यानं तोच पंजा आतून काचेला लावला आणि मकरंदकडे बघत राहिला.

"मी कुठे निघालोय रे?" मकरंद पुटपुटला. वर्षभरात तो धड घराबाहेरसुद्धा पडला नव्हता.

ढेबऱ्या हलेना. अखेर मकरंदनं काचेवरचं दही बोटावर घेऊन जिभेला लावलं, तेव्हा कुठे तो पूल ओलांडायला निघाला.