प्रभुभोजनाआधी

भाकरीची थाळी तिसऱ्या बाकापाशी आली तसा म्हातारा सांडू उठला आणि सगळ्या मंडळीसमोरून चर्चबाहेर निघून गेला. याही महिन्यात.

त्याची सून मेघा मान खाली घालून बसली. मनात पाप ठेवून प्रभुभोजन घेऊ नये, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक. आणि हा तर इतकी वर्षं स्वतः ती थाळी फिरवणारा पंच! पाळकसाहेबांनी एकदा विचारलंही होतं. "कुणाशी तरी समेट व्हायचा राहिलाय, साहेब," एवढंच बोलून त्यानं विषय मिटवला होता.

शेजारी तिचा नवरा राजेंद्र शांतपणे भाकर तोंडात घालत होता. बापाच्या जागी पंच म्हणून आता त्याचं नाव निघालं होतं. पुढच्या रविवारी ते जाहीर व्हायचं होतं. तेवढं सुखरूप पार पडावं, एवढीच मेघाची धडपड. म्हाताऱ्याचं काही भलतंच बाहेर आलं, तर कसला पंच आणि कसलं काय!

"कुठंतरी पाणी मुरतंय," घरी आल्यावर ती म्हणाली.

मुरत होतंच. दर रविवारी सांडू स्वतः डबा भरायचा, क्रांती चौकातून जालना रोडची रिक्षा धरायचा आणि दिवेलागणीला परतायचा. राजेंद्रच्या गाडीत बसणं त्यानं केव्हाच सोडलं होतं. आणि मागच्या आठवड्यात तर कहर झाला. चौकातल्या दुकानात तो लुगडं निवडताना मेघानं डोळ्यांनी पाहिला. सासूबाई, मनकर्णाबाई, देवाघरी जाऊन वर्षं लोटली. मग लुगडं कुणाला?

"म्हातारपणी चळ लागलाय, दुसरं काय," राजेंद्र म्हणाला.

"तुम्ही विचारा ना त्यांना."

"माझ्याशी बोलतो कुढं तो?"

तेही खरंच होतं. बापलेकात हल्ली हवापाण्यापुरतंच बोलणं उरलं होतं. शेवटी मेघानंच हट्ट धरला. त्या दुपारी सांडू डबा घेऊन निघाला, तशी दोघांनी गाडी मागे लावली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण म्हाताऱ्यानं एकदाही मागं वळून पाहिलं नाही. मुरलेला दिसतोय, असं मेघाला वाटलं.

चिकलठाणा मागं पडलं. रिक्षा थांबेना. राजेंद्र गाडी हळूहळू मागे पाडू लागला. शेंद्र्याच्या फाट्यावर सांडू उतरला, तशी राजेंद्रनं गाडी अलीकडंच एका लिंबाखाली उभी केली.

"तू जा. मला नाय बघवायचं."

मेघाला त्याची दया आली. आपल्याच बापाचं असलं काही कुठला मुलगा बघेल? ती एकटीच चालत निघाली.

सांडू एका पत्र्याच्या घरात शिरला. दार उघडंच होतं. मेघा उंबऱ्यात पोचली आणि तिचं डोकं भणाणलं. खाटेवर एक बाई बसली होती. अंगावर तेच लुगडं. आणि सासरा जमिनीवर गुडघे टेकून तिचे पाय धूत होता.

"मामा! सासूबाईंचे पाय धुतले होते का कधी?"

सांडू दचकला, पण हात थांबले नाहीत. "ये, मेघा. बस. द्वारकाबाई, ही माझी सून."

तेव्हा मेघाला दिसलं. बाईचा उजवा पाय गुडघ्याखाली वाकडा झाला होता. कोपऱ्यात कुबड्या टेकवलेल्या होत्या. मेघाचा राग जरा अडखळला, पण उतरला नाही.

"एकलीच आली व्हय?" द्वारकाबाईनं विचारलं.

"नवरा फाट्यावर थांबलाय, गाडीत. बापाचे हे धंदे बघवत नाहीत त्यांना."

आता मात्र सांडूचे हात पाण्यातच थांबले. डोळे भरून आले.

"फाट्यापर्यंत आला," तो पुटपुटला. "ऐकलं देवानं."

द्वारकाबाईनं पदर डोक्यावर नीट घेतला. भिंतीचा आधार घेत ती सरळ बसली.

"बोलीव पोरी त्याला आत. माझ्या पायावरून गाडी घालून पळाला, तवा तोंड नीट दिसलं नव्हतं त्याचं."