मोडशिंगीची ओळख

"उद्या नक्की," असं कचेरीतून पुन्हा एकदा ऐकल्यावर तिने फोन पेंडीच्या पोत्यावर आपटला.

महामारीत दूध घ्यायला कोणी येईना, तेव्हा तिने कॅनच्या कॅन मोरीत ओतले होते, पण गाय एकही विकली नव्हती. आता सरकार दूधवाल्यांना मदत देत होतं. अट साधीच, गोठ्यात गुरं उभी दिसली पाहिजेत. कानाला बिल्ले मारायचं काम महामारीतच रखडलं होतं, म्हणून साहेब स्वतः येऊन पाहणार होते. नुसतं येणार, येणार! इकडे पेंडवाल्याने उधारी बंद केली होती. मदत आली नाही तर या खेपेला गाई विकाव्याच लागणार होत्या.

"भाऊजींची पाहणी झालीसुद्धा," ती नवऱ्यावर करवादली. "पहिल्याच लाटेत सगळी गुरं विकून मोकळे झाले ते. दावणीला शेपूट नाही, तरी मदत मंजूर! ही कुठली तऱ्हा?"

"दादाचं नशीब," नवरा दाव्याची गाठ सोडवत म्हणाला. "साहेब काय, गुरं मोजतात. तोंडं कुठे बघतात?"

"आणि तुम्ही दादापुढे कायम नंदीबैल. कधी नाही म्हणालात त्यांना?"

त्याने गाठीतून मान वर काढली नाही.

"परवा सोमवारी गाई दिवसभर ओढ्याला चारून आणल्यात आणि संध्याकाळी धार निम्मी. उद्या त्यांना दावणीवरून हलवायचं नाही, सांगून ठेवते."

"नाही हलवत."

दुसऱ्या दिवशी साहेब खरंच आले. तरुण पोरगा, उन्हाने लालबुंद झालेला. जाकिटाचा उजवा खिसा वेगळ्याच रंगाच्या दोऱ्याने शिवलेला.

"उशीर झाला, ताई. सोमवारी तुमच्या दिरांकडे आलो होतो, तेव्हाच इकडेही यायचं होतं. पण एकट्याने किती गोठे फिरणार?"

तिचा राग निम्मा उतरला. चारही गाई तिने सकाळीच धुतल्या होत्या. "या मोडक्या शिंगाच्या गाईपासून तेवढं लांब राहा, साहेब. परक्या माणसाला अंगाला हात लावू देत नाही ती. पाहुण्यांना पिटाळून लावते."

मोडशिंगीने मान लांबवली आणि साहेबांच्या उजव्या खिशात थेट तोंड खुपसलं.

साहेब हसले. खिशातलं खारं बिस्किट काढून त्यांनी तिला भरवलं. मोडशिंगीने त्यांचा हात चाटला. ते पाहून मालकिणीला इतकं बरं वाटलं, की ती चहा टाकायला वळलीसुद्धा. गाईने माणूस पारखला, आता काम झालंच म्हणायचं.

"ताई, थांबा." साहेबांचं हसू मावळलं होतं. ते मोडकं शिंग न्याहाळत होते, मग त्यांनी पलीकडच्या पांढऱ्या शेपटीच्या गाईकडे पाहिलं. "ही गाय तुमची?"

"माझ्या हातावर वाढलीय. विचारा यांना."

नवरा दाराशी उभा होता. तो स्वतःच्या चपलांकडे बघत होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि तिला सोमवारची निम्मी धार आठवली.

"सोमवारी हिनेच माझा खिसा फाडला," साहेब शिवणीवर बोट ठेवत थकल्या आवाजात म्हणाले. "मदतीचं विसरा आता. आणि संध्याकाळच्या आत या चारही गाई तुमच्या दिरांच्या गोठ्यात परत नेऊन बांधा."