चार जागची मोजणी

तिने लॅपटॉपवरून पत्र पाठवलं आणि टेबलापलीकडे बसलेल्या नवऱ्याचा चेहरा बघत राहिली.

कर्नेल म्हणजे कॉम्प्युटरच्या तळाशी गुपचूप राबणारी प्रणाली. त्यात किती मेमरी वापरात आहे नि किती मोकळी, हे सांगणारा अहवाल आठ वर्षं तीच सांभाळत होती. मोजणीचा कोड चार ठिकाणी, चार तऱ्हांनी लिहिलेला. चारही तिच्याच हातचे. नवरा या कामात येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. त्याने चारांचं एक केलं, तीनशे ओळी उडवल्या. कर्नेलच्या प्रमुखांनी सगळ्यांना जाणाऱ्या पत्रात लिहिलं, ‘हे आजवर कुणाला कसं सुचलं नाही?’

कुणाला म्हणजे तिलाच. तिला मिरच्या झोंबल्या. त्याने आनंदाने तिला मिठी मारली, तेव्हा तर जास्तच.

मग ती डोळ्यांत तेल घालून त्याच्या कामात चूक शोधायला बसली. सापडली. जुन्या, छोट्या मशीनवर राखीव मेमरीही मोकळी म्हणून मोजली जात होती. त्या आकड्याच्या भरवशावर राहिलेलं मशीन बंदच पडलं असतं. आज दुपारी प्रमुख त्याचं काम कर्नेलमध्ये सामील करून घेणार होते. त्याच्या तासभर आधी तिने ती चूक यादीवर, म्हणजे सगळ्यांना एकदम पत्र जातं त्या पत्त्यावर टाकली, पुराव्यासकट.

पलीकडे तो वाचत होता. त्याचे कान लाल झाले. तिला बरं वाटलं, अगदी पोटभर.

“समोरच बसलोय मी,” तो म्हणाला. “नुसतं सांगितलं असतंस तरी चाललं असतं.”

“चुका यादीवरच कळवायच्या. नियम आहे. तुझ्यासाठी वेगळा करू?”

“नको.” त्याने मान हलवली. “बरं झालं, सापडली. उगाच कुणाचं तरी मशीन बसलं असतं. कधी लक्षात आलं?”

“आत्ताच. अर्धा तास झाला असेल.”

तो पुन्हा वाचू लागला. पत्र संपलं, तरी खाली जोडलेला पुरावा वाचत राहिला. मग त्याने लॅपटॉप तिच्याकडे फिरवला आणि पुराव्याच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. चाचणी कधी चालवली, ते मशीन आपणहून तिथे छापतं. मंगळवार, सकाळी सव्वादहा. आज शुक्रवार होता.



“काल मला धाकधूक होत होती,” तो म्हणाला, “तर म्हणालीस, निवांत झोप.”