नानांचा फाया

नानांनी अत्तराचा फाया कानात खोचला आणि शेजारच्या टेबलावर तिची मान खाजायला लागली.

रोज सकाळी कचेरी उघडली की हेच. नाना टेबलाचा खण उघडत, करंगळीएवढी कुपी काढत, कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब टाकत. बोळा कानात, ओलं बोट मिशांवर. मग नोंदणी कचेरीच्या त्या मागच्या खोलीत मोगरा पसरायचा. गोड, चिकट, सडायला टेकलेला. तिला तो वास नकोसा व्हायचा.

"नाना, किती वेळा सांगू? माझी कातडी नाजूक आहे. मला अत्तर सोसत नाही."

"तुम्हाला कुठे लावतोय बाई? मी मला लावतोय."

"हवेतून येतं ना अंगावर!"

नानांनी खिडकी आणखी थोडी उघडली आणि वहीत डोकं घातलं.

कातडी नाजूक होती हे मात्र खरं. दोन महिन्यांपूर्वी नणंदेनं तिला वाढदिवसाला अत्तर दिलं होतं. "शुद्ध तेल आहे वहिनी, याचं काही होत नाही." शहाण्या माणसानं कोपराच्या आत थेंबभर लावून दिवसभर वाट बघितली असती. हिनं फुकट ते पौष्टिक म्हणत दोन्ही कानांमागे आणि गळाभर चोपडलं. संध्याकाळी मान लालभडक झाली. दुसऱ्या दिवशी फोड आले, तिसऱ्या दिवशी फुटले. त्यातलं पाणी कॉलरला चिकटून वाळायचं आणि कॉलर सोडवताना कातडीही सोबत यायची. आरशात बघून तिला स्वतःचीच किळस आली.

मामेसासरे जनावरांचे डॉक्टर होते. त्यांनी डबाभर काळं मलम घोटून दिलं. गंधक, माशाचं तेल आणि आणखी काय काय. "घोड्याची खरूज यानं आठ दिवसांत जाते, मग तुझी कातडी ती काय!" पहिल्या दिवशी ते लावणं तिच्या जिवावर आलं, पण सवयीनं सगळं होतं. सकाळ-संध्याकाळ मानेवर थापायचं, वर स्कार्फ बांधायचा. आग थांबली. आणि नेमका त्याच आठवड्यात नानांना वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी अत्तराचा शौक जडला.

"म्हातारचळ, दुसरं काय!" ती नवऱ्याला म्हणाली. "माझी मान बघतात आणि मुद्दाम लावतात."

"असेल," नवरा बाहेरच्या खोलीतून म्हणाला. हल्ली तो तिथेच झोपायचा. आपल्या घोरण्यानं तिची झोपमोड होते, असं त्याचं म्हणणं होतं. तिनं कधी तशी तक्रार केली नव्हती, पण माणूस समजूतदार.

ती एरवी दुर्लक्षही करती. पण समोरची दाखल्यांची खिडकी रिकामी होणार होती. अकरा वर्षं मागच्या खोलीत बसून मेलेल्यांची नावं उतरवताना तिचा जीव विटला होता. खिडकीवर जन्माचे दाखले. तिथे लोक पेढ्यासारखं तोंड करून येतात, बाळाचं नाव सांगताना लाजतात. एवढंच तिला हवं होतं, दिवसातून चारदा कुणाचं तरी हसरं तोंड.

साहेबांना सर्दी झाली होती. रुमालाआडूनच ते म्हणाले, "आधी तुमचं ते मानेचं निस्तरा बाई, मग खिडकीचं बघू."

मान निस्तरायची म्हणजे नानांना निस्तरायचं. तिनं दोन पानी तक्रार लिहिली. साहेबांनी नानांना आत बोलावलं. नानांनी स्वतःच्या बाजूनं एक शब्द काढला नाही, असं कचेरीतली टायपिस्ट नंतर सांगत होती. दुसऱ्या दिवशी नानांची रवानगी तळघरात झाली, जुन्या दप्तरांवर. निवृत्तीला एकच वर्ष राहिलेला माणूस आपली कुपी, चष्मा आणि बसायची उशी घेऊन जिना उतरला. तिला जरा वाईट वाटलं, पण जराच.

पंधरा दिवसांत मान स्वच्छ झाली. मलम तिनं सोडलं नाही. दुखणं मुळासकट गेलं पाहिजे.

एक तारखेला फळ्यावर कागद लागला. खिडकी टायपिस्टला मिळाली होती.

तीन वर्षांपूर्वी लागलेली पोर! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे काम कुणाचं, ते सांगायला ज्योतिषी नको होता. ती तडक तळघरात निघाली.

जिन्यावर गटाराचं पाणी झिरपून बुळबुळीत शेवाळ धरलं होतं. खाली पाऊल टाकताच झुरळं पांगली. रॅकखाली एक उंदीर मरून फुगला होता, त्याच्या पोटावर काहीतरी वळवळत होतं. तिनं स्कार्फचं टोक नाकावर दाबलं.

त्या घाणीत टेबलाशी बसून नाना डबा खात होते. चवीनं, बोटं चाटत. कानात फाया नव्हता.

ती दारातूनच ओरडली, "साहेबांचे कान भरलेत ना माझ्याविरुद्ध?"

"नाही बाई. एका शब्दानं नाही." नाना घास गिळून म्हणाले. "खरं तर तुमच्याशीच बोलायला हवं होतं. जीभ रेटली नाही."

"आणि अत्तर? ते बरं सुटलं? मला छळण्यापुरतंच होतं वाटतं!"

"इथे लागत नाही."

"इथे? अहो, उंदीर मेलाय इथे!"

"हो, चार दिवस झाले," नाना म्हणाले आणि पुढचा घास घेतला.

या माणसाला लाज नाही तर नाही! ती तरातरा टेबलाशी गेली, स्कार्फ सोडून फेकला आणि मलम थापलेली मान त्यांच्या तोंडासमोर नेली. "बघा! बघा नीट! तुम्ही खाली आलात आणि पंधरा दिवसांत बरी झाले मी!"

नानांचा घास तोंडातच थांबला. त्यांनी डब्याला झाकण लावलं, खण उघडून कुपी काढली, दोन बोळे अत्तरात चांगले भिजवले आणि एकेक करून दोन्ही नाकपुड्यांत खोचले.