आतल्या खोलीतून

टीव्हीवर चित्र पाठवायचं ते चौकोनी चिन्हच मोबाइलवरून गायब झालं होतं. समीक्षानं अ‍ॅप बंद केलं, पुन्हा उघडलं. मोबाइल बंद करून चालू केला. वायफायची वायर काढून परत लावली. सिनेमे जागच्या जागी होते, फक्त वरच्या कोपऱ्यातली ती जागा रिकामी होती. शेवटी तिनं कंपनीची सूचना शोधून वाचली. मोबाइलवरून टीव्हीवर पाठवायची सोय त्यांनी काढून टाकली होती. ज्याला टीव्हीवर पाहायचं, त्यानं टीव्हीतलंच अ‍ॅप रिमोटनं उघडावं, असं लिहिलं होतं.

सात वाजून दहा मिनिटं झाली होती. बाहेरच्या खोलीत बाबा खुर्चीत येऊन बसल्याचं तिनं मघाशीच ऐकलं होतं.

अकरा महिने झाले, बाप-लेकीत एक शब्द नव्हता. देवळीच्या बाजारात रूपरावांचं कापडाचं दुकान, घराला गावात मान. जानेवारीत समीक्षाचं साक्षगंध झालं, पत्रिका छापायला गेल्या. आणि नवऱ्या मुलानं तिच्या मोबाइलचा पासवर्ड मागितला. ती नाही म्हणाली, तर तीन दिवस तो फोनवरून तिला फैलावर घेत राहिला. चौथ्या दिवशी तिनं अंगठी काढून आईच्या हातात ठेवली. ती परत द्यायला रूपराव स्वतः गेले, वीस माणसांपुढे हात जोडून उभे राहिले आणि घरी आले ते गप्प झाले. ओरडले असते, तर तिला बरं वाटलं असतं. तेव्हापासून घरातले सगळे निरोप आईनं, कौशल्याबाईंनी, इकडून तिकडे न्यायचे. "बाबाले सांग, जेवाले वाढलं." "पोरीले सांग, तिचं पार्सल आलं."

मार्चात रूपराव दुकानाच्या पायरीवरून घसरले. पाय प्लास्टरमध्ये, दिवसभर घरी. एका संध्याकाळी समीक्षा आत पडून मोबाइलवर समुद्रातल्या प्राण्यांचा माहितीपट पाहत होती. बोट चुकून त्या चिन्हावर पडलं आणि बाहेरच्या टीव्हीवर आख्खा देवमासा उगवला. तिला वाटलं, आता आईच्या नावानं हाक येणार, 'बंद कराले सांग तिले.' हाक आली नाही. थोड्या वेळानं टीव्हीचा आवाज मात्र दोन घरं वाढला.

दुसऱ्या दिवशी सात वाजता तिनं मुद्दाम लावलं. मग रोजचंच झालं. बाबांना काय आवडतं, ते तिला भिंतीपलीकडून कळू लागलं. आवाज वाढला, म्हणजे आवडलं. नाचगाणी सुरू झाली, की ते स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणायचे, "आज लवकर जेवून घेऊ." जहाजं, बर्फाचे डोंगर, ज्वालामुखी यांवर ते खूश असत. आयुष्यात समुद्र न पाहिलेला माणूस जेवण ताटकळत ठेवून पेंग्विन बघत बसे. पाय बरा झाला, दुकान सुरू झालं, तरी साडेसहाला गल्ला दुकानातल्या नोकराच्या, कैलासच्या हवाली करून ते सातच्या आत घरी येत.

आज कौशल्याबाई बहिणीकडे समुद्रपूरला गेल्या होत्या. निरोप न्यायला कुणी नव्हतं.

समीक्षानं बाबांच्या नंबरवर संदेश लिहायला घेतला. दोन शब्द लिहिले, खोडले. बाहेर शांतता होती. खुर्ची करकरत नव्हती, कुणी खाकरत नव्हतं. त्यांना वाटेल, पोरीनं आता हेही तोडलं. हे मनात आलं आणि ती उठली.

रूपराव काळ्या पडद्यासमोर बसले होते. हात मांडीवर, नजर समोर.

"बाबा," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "मोबाइलवरून आता लागत नाई. कंपनीनंच बंद केलं. मी नाई केलं."

त्यांनी मान वळवली नाही.

"रिमोटनं होते पन. लय सोपं आहे. थांबा, मी दाखवतो तुमाले."

तिनं टेबलावरच्या रिमोटकडे हात नेला. रूपरावांनी तो आधीच उचलला.

"मले येते," ते म्हणाले.

समीक्षानं हात मागे घेतला.

"कैलासनं शिकवलं. पायाले प्लास्टर होतं, तवाच."

"मंग आतापर्यंत असे बसून काऊन राह्यले?"

रूपराव रिमोटच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. त्यांचे डोळे लाल झाले होते. "मागच्या महिन्यात तू चार दिवस नागपूरले गेलती. तवा माह्या हातानं लावून पाह्यलं. तेच जहाज, तोच बरफ. पाच मिनटात बंद केलं."

ती शेजारच्या खुर्चीत, आईच्या जागेवर बसली. दोघांपुढे टीव्ही काळाच होता.

"जहाजं पाहाले कोन येत होतं वं घरी?" रूपराव पहिल्यांदा तिच्याकडे बघत म्हणाले. "तू आतून काई लावलं, का मले वाटे, पोरगी माह्याशी बोलून राह्यली."