मंगळवारची लेक

"रिबका," संजना पुन्हा म्हणाली.

"मंगळी," जनाआजीही पुन्हा म्हणाली आणि तिने नातीला छातीशी अधिकच घट्ट धरले.

बारशाचा मांडव माणसांनी भरला होता. पळसाच्या पानांतून गळणारे ऊन बाळाच्या रिकाम्या झोळीत साचत होते. प्रार्थना झाली होती, ताटात गूळ-खोबरे तयार होते. सारे अडले होते ते नावापाशी. खालापूरच्या डोंगरपायथ्याच्या या वाडीत लेकरू ज्या वारी जन्मते, त्या वाराचे नाव घेऊन जगते. बाप शुक्रा शुक्रवारचा, बाळ मंगळवारचे. पण शुक्रा आणि त्याची बायको गेल्या वर्षी ख्रिस्ती झाले होते, आणि कर्जतच्या बायबल प्रशिक्षण केंद्रातून नामकरणासाठी प्रथमच एकटी आलेली संजना ग्रहाचे नाव आशीर्वादाच्या प्रार्थनेत घ्यायला तयार नव्हती; तिला बायबलमधले नाव हवे होते.

"आजी, मंगळ हा ग्रह आहे."

"ग्रह कुटला गं, वार हाय. हिचा सोताचा वार. तो बी काढून घेतलास, तं पोरीजवळ काय ऱ्हाईल?" आजी उठू लागली. "ठेवा तुमचं नाव तुमी. मी चालले."

"आये, बस गं!" शुक्राचा चेहरा उतरला. "ताई, आय गेली तं कसलं नाव नि कसलं काय? झोळीला पयला झोका तिचाच असतो."

दाराआडून बाळंतीण दोघींकडे आळीपाळीने पाहत होती.

वर्षभर संजनाने बायबलमधले उत्पत्तीचे पुस्तक अभ्यासले होते. अंधार आणि प्रकाश, माती आणि श्वास यांवर तिचे निबंध वर्गात वाचले गेले होते. आणि सेवेचा हा आरंभ एक घर दुभंगून व्हावा? थोडा अवधी मिळावा म्हणून तिने बायबल उघडले आणि नेमलेला पाठ वाचू लागली. देवाने मातीतून प्राणी घडवले. मनुष्य त्यांना काय नावे देतो, हे पाहण्यासाठी तो त्यांना त्याच्याकडे घेऊन आला. मनुष्याने ज्याला जे म्हटले, तेच त्याचे नाव झाले.

"घोडा बी आनला व्हता?" माथेरानला घोडा फिरवणाऱ्या धाऊकाकाने मध्येच विचारले. मांडव खुदखुदला.

"आणला असणार, काका."

"आन् नाव? ते देवानं संगती नवतं आनलं?"

"नाही. देव थांबला. माणूस काय म्हणतो, ते ऐकायला."

वाक्य तिच्या तोंडून निघाले आणि मांडवात तिच्यासमोरच उभे राहिले. रिबका हे नाव ती कर्जतहून बरोबर घेऊनच आली होती.

तिने पुस्तक मिटले. सतरंजी सोडून ती आजीशेजारी शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसली.

"आजी, बाळाचं नाव काय?"

आजीने तिला निरखले. हसू आधी डोळ्यांत उतरले, मग सुरकुत्यांत. नातीला झोळीत ठेवून ती तिच्या कानाशी वाकली, "मंगळी." संजनाने इवल्या कपाळावर हात ठेवून त्याच नावाने आशीर्वाद मागितला. 'आमेन' सगळ्यांत मोठ्याने म्हणाला तो ख्रिस्ती नसलेला धाऊकाका.

संजनाच्या हातावर गूळ-खोबरे ठेवताना आजीने विचारले, "आन् तू गं? कुटल्या वारची?"

"सोमवारची. आईची रविवारची उपासना चुकू नये म्हणून मी एक दिवस थांबले, असं आई म्हणते."

"शानी हायस. मंग तू सोमी!"

"आजी, माझं नाव संजना—"

पण मांडव हसण्यात बुडाला होता, आणि झोळीतली मंगळी आपल्या पहिल्या झोक्यावर डोळे मिटत होती. उन्हे कलताना संजना टेंपोत चढली, तेव्हा चढावरून सारी वाडी हात हलवत ओरडत होती, "सोमीताई, परत ये गं!"

वाडीने तिला जे म्हटले, तेच तिचे नाव झाले.