दहा सह्या

"अभिजीतनं आज तीनपर्यंत अर्ज मागे घेतला नाही, तर मी पडलो म्हणून समज," केशवराव म्हणाले.

पद्मावती आरशासमोर पदराला पिन लावत होत्या. "भेटेल की तो निवडणूक कचेरीत. सांगते त्याला."

"तुझंच ऐकेल. माझ्या हाताखाली वकिली शिकला अन् माझ्याच विरोधात अपक्ष उभा राहिला. का, तर म्हणे नाल्याकाठची माणसं!"

पद्मावतींनी दुसरी पिन ओठांत धरली.

नाल्याकाठच्या माणसांनीच केशवरावांना दिल्ली दाखवली होती. जहीराबादच्या कोर्टात पत्र्याखाली बसणारा वकील शहरात नल्लकुंट्यात राहायला आला, नाल्याकाठची वस्ती पाडण्यावर स्थगिती आणली, आणि बायाबापड्यांनी त्याला खासदार केलं. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्या खेपेला वस्ती पडलीच. खासदार तेव्हा दिल्लीत होते. पक्षानं गप्प राहा म्हटलं, ते गप्प राहिले.

दर निवडणुकीत पद्मावतींचाही अर्ज असे. डमी. नवऱ्याचा बाद झालाच तर पक्षाच्या हाताशी दुसरा असावा म्हणून. नवऱ्याचा मंजूर झाला की त्यांचा आपोआप गळून पडे. यंदा तो गळला नव्हता.

"डमीला एका सूचकाची सही पुरते," केशवराव हसले. "तू सह्यांना दहा बाया नेल्यास. दहा झाल्या की अर्ज अपक्ष म्हणून उभा राहतो, बाईसाहेब! आता मागे घ्यायला हेलपाटा."

"भजनातल्या बाया त्या. एकीला नेलं असतं तर बाकीच्या रुसल्या असत्या."

"वकिलाची बायको ना तू?"

"म्हणून तर," त्या म्हणाल्या, आणि चपला शोधता शोधता गुणगुणू लागल्या,

"दारी उभा माझा धनी, त्याला दिल्ली दिसे दूर,
माझ्या उंबऱ्याशी आला बाई नाल्यातला पूर."

"येताना बेगम बाजारात जाईन. उशीर होईल."

"आज? कार्यकर्ते येतील चहाला."

"पातेलं भरून ठेवलंय. गरम तेवढं करून घ्या."

फाटक वाजलं. मग घर नुसतं घड्याळाचं झालं.

तीन वाजून गेले. कचेरीत बसवलेला त्यांचा माणूस, अविनाश, फोन उचलत नव्हता. केशवराव व्हरांड्यात येरझाऱ्या घालत राहिले. दोन निवडणुका त्यांनी अशा काढल्या नव्हत्या. वस्तीची मतं फुटली, की संपलंच सगळं. पुन्हा जहीराबाद, पुन्हा पत्रा.

फोन थरथरला. अभिजीत.

"काका, घेतला मागे."

केशवराव खुर्चीत बसले. डोळे भरून आले. "जिंकलो रे पोरा! वस्तीत काय सांगशील आता?"

"सांगून आलोय. काकूंनी हात धरला, नक्को म्हणता आलं नाही."

"माहीत होतं मला. तिचं बोलणंच तसं. कुठंय ती?"

"बेगम बाजारात. मीच सोडलं गाडीवर. खलबत्ता बघतायत."

"खलबत्ता?" कितीतरी दिवसांनी केशवराव पोटातून हसले. "घरात मिक्सर असताना? अरे, एवढ्या धामधुमीत या बाईला खलबत्ता सुचतो!"

"हौ काका. शंभर सांगितलेत. तीच निशाणी मिळाली ना त्यांना."